मेंदूच्या लहरी 'बिघडतात' म्हणजे काय? आणि न्यूरोफीडबॅक कितपत सुरक्षित?

गेल्या काही व्याख्यानांपासून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आमच्याकडे येतोय. कुणी विचारतं, "मुलाचं ब्रेन मॅपिंग केलं, त्यात थीटा लहरी वाढलेल्या आहेत म्हणाले. आता न्यूरोफीडबॅकची चाळीस सत्रं घ्यायला सांगतायत. घ्यावीत का?" कुणी विचारतं, "यानं मेंदूला काही इजा तर होणार नाही ना?" आणि काही जण त्याच्याही आधीचा प्रश्न विचारतात, जो आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : "लहरींचं असंतुलन झालंय असं म्हणतात, ते होतं कशामुळे?"

आज आपण हे प्रश्न शेवटून सुरू करू. कारण असंतुलन म्हणजे काय हे कळल्याशिवाय उपचार सुरक्षित की असुरक्षित हे ठरवताच येत नाही.

लहरी येतात कुठून?

आपल्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींशी बोलतात तेव्हा अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतात. एका पेशीचा प्रवाह बाहेरून कळत नाही. पण लाखो पेशी एका तालात काम करू लागल्या की त्यांची बेरीज कवटीच्या बाहेरही जाणवते. डोक्याच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावून तीच बेरीज आपण नोंदवतो. याला ईईजी म्हणतात.

जर्मनीतल्या येना गावात हान्स बर्गर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं 1924 साली माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद घेतली आणि 1929 साली ती प्रसिद्ध केली. सुरुवातीला लोकांचा विश्वासच बसेना. 1934 साली केंब्रिजमध्ये एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा कुठे जगानं मान्य केलं.

आता हा संकेत किती लहान असतो बघा. ईईजीतली लहर साधारण 10 ते 100 मायक्रोव्होल्टची. घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल दीड व्होल्टचा. म्हणजे 50 मायक्रोव्होल्टची लहर त्या सेलच्या तीस हजाराव्या भागाइतकी. एवढासा संकेत हाड आणि त्वचेतून गाळून बाहेर येतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

लहरी एका सेकंदात किती वेळा वरखाली होतात त्यावरून त्यांची नावं ठरली आहेत. चारपेक्षा कमी वेळा झाल्या तर डेल्टा, चार ते आठ थीटा, आठ ते तेरा अल्फा, तेरा ते तीस बीटा आणि त्यापुढे गॅमा. गाढ झोपेत डेल्टा जास्त. डुलकी लागायच्या वेळी थीटा वाढते. जागेपणी स्वस्थ बसून डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात अल्फा उमटते, डोळे उघडले की दबते. पण एक गैरसमज इथेच काढून टाकू. अल्फा चांगली, थीटा वाईट, बीटा म्हणजे ताण, असं काही नसतं. सगळ्या लहरी प्रत्येकाच्या डोक्यात सतत मिसळलेल्या असतात. गाणं ऐकताना तबला चांगला की तंबोरा, असं आपण विचारत नाही; कुठे काय वाजतंय ते बघतो. तसंच हे.

लहरी बदलतात कशामुळे?

कारणं बरीच आहेत. आम्ही ती पाच गटांत सांगतो.

पहिला गट आहे नोंदीतल्या चुकांचा. डोळ्यांची पापणी हलली की डेल्टासारखी मोठी लाट दिसते. दात आवळले, मान ताठ ठेवली, की स्नायूंची वीज बीटाच्या जागी येऊन बसते. घाम आला की रेघ संथपणे वरखाली होत राहते. डोक्याला तेल असलं की इलेक्ट्रोड नीट चिकटत नाही. म्हणूनच ईईजीच्या आदल्या दिवशी केस धुऊन या, तेल लावू नका, असं सांगतात. आत्ता म्हटलं ना, संकेत पेन्सिल सेलच्या तीस हजाराव्या भागाइतका आहे. त्याच्यासमोर जबड्याचा स्नायू म्हणजे हत्ती. चुळबुळ्या मुलाची दहा मिनिटांची नोंद, त्यातले हे दोष न काढता, थेट संगणकात घातली तर संगणक स्नायूंनाच मेंदू समजून अहवाल देतो.

दुसरा गट आहे त्या दिवशीच्या अवस्थेचा. रात्री झोप कमी झाली असेल तर जागेपणीही थीटा वाढते. सकाळी सहाला उठून शाळा, मग शिकवणी, मग संध्याकाळी ब्रेन मॅपिंग, अशा मुलाच्या नोंदीत थीटा जास्त निघाली तर त्यात नवल काय? भरभर, खोल श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि लहरी मंदावतात. लहान मुलांत हा परिणाम फार ठळक दिसतो. दवाखान्यातल्या ईईजीत तीन मिनिटं असा श्वास मुद्दाम घ्यायला लावतात, तो का, ते पुढे सांगतो. रक्तातली साखर खूप उतरली तरीही लहरी मंदावतात.

तिसरा गट आहे औषधांचा. झोपेसाठी किंवा चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या बेंझोडायझेपीन गटातल्या गोळ्यांनी बीटा वाढते, आणि ती इतकी स्पष्ट वाढते की अनुभवी तंत्रज्ञ नोंद बघूनच विचारतो, "गोळी चालू आहे का?" आता अशा माणसाला "तुमची बीटा जास्त आहे, म्हणजे तुम्हाला ताण आहे" असं सांगणं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा.

चौथा गट आहे वयाचा. तीन-चार महिन्यांच्या बाळाच्या डोक्यामागची लय सेकंदाला तीन-चार असते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ती आठपर्यंत येते आणि दहाव्या वर्षाच्या आसपास दहाला पोचते. म्हणजे मुलाच्या लहरी मोठ्या माणसापेक्षा मंद असायलाच हव्यात. शिवाय सगळी मुलं एकाच वेगानं वाढत नाहीत. दूधदात सगळ्यांचे एकाच महिन्यात पडत नाहीत, तसंच.

पाचवा आणि शेवटचा गट आहे खऱ्या आजारांचा. अपस्मार, म्हणजे आकडी किंवा फिट. डोक्याला मार. मेंदूज्वर. पक्षाघात. यकृत निकामी होणं. थायरॉईड फार कमी होणं. आपल्या देशात आणखी एका आजाराचं नाव घ्यावं लागतं, ते म्हणजे मेंदूत फीतकृमीच्या अळ्यांच्या गाठी होणं. यालाच न्यूरोसिस्टिसरकोसिस म्हणतात आणि भारतात फिट येण्याचं ते एक मोठं कारण आहे. या सगळ्यांत लहरी बदलतात. पण बिघाड लहरींत नसतो, तो त्यांच्या मागे असतो. ताप हा जसा आजार नव्हे, आजाराची खूण, तसंच हे. थर्मामीटर बर्फात बुडवून ताप उतरत नाही. थायरॉईड कमी असलेल्या बाईच्या मंद लहरींना 'प्रशिक्षण' देत बसणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मग चिंता, नैराश्य, एडीएचडी यांचं काय? इथे नीट ऐका. एडीएचडी असलेल्या शंभर मुलांची सरासरी आणि नसलेल्या शंभर मुलांची सरासरी काढली तर काही अभ्यासांत फरक दिसतो. पण दोन्ही गट एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एका मुलाची नोंद बघून तो कोणत्या गटातला हे खात्रीनं सांगता येत नाही. अमेरिकेतल्या औषध प्रशासनानं 2013 साली थीटा आणि बीटाचं गुणोत्तर मोजणाऱ्या एका यंत्राला परवानगी दिली, ती तज्ज्ञाच्या तपासणीला जोड म्हणून. आणि 2016 साली तिथल्याच मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीनं स्पष्ट केलं की या गुणोत्तरावर विसंबून निदान करू नये, चुकीच्या निदानाचा धोका आहे.

रंगीत नकाशाचं गणित

अहवालात डोक्याचे गोल गोल नकाशे असतात. कुठे लाल, कुठे निळा. आईवडील लाल ठिपका बघतात आणि हबकतात. त्यामागचं गणित मात्र सोपं आहे.

तुमच्या मुलाची नोंद निरोगी लोकांच्या माहितीसंचाशी ताडून पाहतात. शंभर निरोगी लोकांपैकी जे पाच जण टोकाला असतात, तितकं टोकाचं मोजमाप आलं की रंग भरतात. आता साध्या मांडणीत इलेक्ट्रोड 19 असतात. प्रत्येकाच्या पाच लहरी मोजल्या, तर 95 मोजमापं झाली. त्यातली पाच टक्के म्हणजे जवळजवळ पाच. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाच्या नकाशावरही सरासरी पाचेक जागा रंगलेल्या निघणारच! त्यात डाव्या-उजव्या बाजूंची तुलना, दोन जागांमधला संबंध, अशी आणखी शेकडो मोजमापं घातली की रंग वाढत जातात. नकाशावर रंग नाही असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. तेव्हा केवळ लाल ठिपक्याला 'असंतुलन' म्हणू नका. मुलाला त्रास काय आहे, कधीपासून आहे, घरी आणि शाळेत दोन्हीकडे आहे का, हे आधी, नकाशा नंतर.

न्यूरोफीडबॅकमध्ये नेमकं काय करतात?

डोक्याला इलेक्ट्रोड लावतात, समोर पडदा असतो. हवी ती लहर वाढली की पडद्यावरचं विमान पुढे जातं किंवा गाणं सुरू राहतं, कमी झाली की थांबतं. मेंदूला हळूहळू सवय लागेल अशी कल्पना. एक सत्र साधारण अर्ध्या-पाऊण तासाचं, आणि अशी वीस ते चाळीस सत्रं.

या कल्पनेचा उगम मजेशीर आहे. 1960 च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये बॅरी स्टर्मन हे शास्त्रज्ञ मांजरांवर प्रयोग करत होते. मांजर सावध पण निश्चल बसलं की मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागात सेकंदाला 12 ते 15 ची एक लय दिसते. ती दिसली की मांजराला खाऊ मिळायचा. मांजरं ती लय मुद्दाम काढायला शिकली. पुढे रॉकेटच्या इंधनातलं एक विषारी रसायन तपासताना असं दिसलं, की या सराव झालेल्या मांजरांना फिट उशिरा आल्या किंवा आल्याच नाहीत. मांजराला यंत्रावर श्रद्धा नसते, म्हणून हा पुरावा लोकांना भावला. 1972 साली स्टर्मन यांनी फिट येणाऱ्या एका रुग्णावरचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि 1976 साली टेनेसी विद्यापीठात जोएल लुबार यांनी ही पद्धत चंचल मुलांकडे वळवली.

मग गुण येतो का? फिटच्या बाबतीत 2009 साली जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. औषधांना दाद न देणारे एकूण 87 रुग्ण होते, त्यातल्या 64 जणांच्या फिट कमी झाल्या. आशा वाटावी असा आकडा आहे, पण रुग्ण थोडे आणि बहुतेक अभ्यासांत खोट्या उपचाराशी तुलना नाही.

एडीएचडीच्या बाबतीत मात्र ती तुलना झाली. अमेरिकेत सात ते दहा वर्षांच्या सुमारे 140 मुलांवर एक मोठी चाचणी झाली. काही मुलांना त्यांच्या स्वतःच्या लहरींवर खेळ खेळायला दिला, बाकीच्यांना दुसऱ्या कुणाच्या आधीच नोंदवलेल्या लहरींवर. कुणाला काय मिळतंय हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना, कुणालाच माहीत नव्हतं. 38 सत्रांनंतर काय दिसलं? दोन्ही गटांतली मुलं सुधारली, आणि जवळजवळ सारखीच सुधारली. 2024 साली 38 चाचण्या आणि जवळपास अडीच हजार लोकांचा एकत्र आढावा आला. ज्यांना उपचार कोणता हे माहीत नव्हतं अशांनी दिलेल्या गुणांत म्हणावा असा फायदा दिसला नाही. निद्रानाशावर ऑस्ट्रियात 2017 साली झालेल्या चाचणीतही हेच : बरं वाटलं, पण खऱ्या-खोट्या दोन्ही उपचारांनी.

याचा अर्थ लोक खोटं बोलतात असा नाही. आठवड्यातून दोनदा आईबाबा वेळ काढून मुलाला घेऊन जातात. तिथे कुणीतरी त्याच्याशी प्रेमानं बोलतं. अर्धा तास एका जागी बसायचा सराव होतो, "शाब्बास" ऐकू येतं. यानं मूल सुधारतंच. प्रश्न एवढाच, की त्यासाठी यंत्र लागतं का, आणि त्या यंत्राचे पैसे तुम्ही का द्यावेत.

आता सुरक्षिततेकडे

धोक्यांचे दोन प्रकार करू : थेट आणि आडून येणारे.

थेट धोका कमी आहे. खरं न्यूरोफीडबॅक फक्त वाचतं, डोक्यात वीज सोडत नाही. थर्मामीटर जसा ताप देत नाही, तसंच. काहींना डोकं दुखतं, थकवा येतो, चिडचिड होते, एक-दोन रात्री झोप बिघडते. हे बहुधा आपोआप थांबतं. थांबलं नाही तर सत्रं थांबवा. लुबार यांच्या सुरुवातीच्या प्रयोगात उलट दिशेनं सराव दिल्यावर मुलांची चंचलता परत वाढल्याची नोंद आहे. म्हणजे परिणाम होत असेल, तर तो दोन्ही दिशांना होऊ शकतो, हे धरून चालावं. ज्यांना फिट येतात, ज्यांना भास होतात, ज्यांच्या डोक्याला नुकताच मार लागला आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये.

आणि एक नक्की विचारा : "हे यंत्र फक्त नोंद घेतं, की डोक्यात प्रवाहही सोडतं?" डोक्यात सौम्य प्रवाह सोडणारी यंत्रं वेगळी असतात, त्यांचे नियम आणि धोके वेगळे असतात. दोन्ही एकाच खोलीत, एकाच नावाखाली मिळू शकतात.

आडून येणारे धोके मोठे आहेत. त्यातला पहिला, आजार निसटणं. आठ वर्षांची एक मुलगी घ्या, अशा मुली प्रत्येक शाळेत असतात. वर्गात मधेच हरवते. बोलता बोलता थांबते, नजर शून्यात, पाच-दहा सेकंदांनी पुन्हा भानावर. बाई म्हणतात लक्ष नाही, घरचे म्हणतात स्वप्नाळू. ही कदाचित ॲबसन्स प्रकारची फिट असू शकते. यात मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही, फक्त क्षणभर बंद पडतं. दिवसातून कितीतरी वेळा. दवाखान्यातल्या ईईजीत तीन मिनिटं भरभर श्वास घ्यायला लावतात तो यासाठीच : त्यानं ही फिट येते आणि सेकंदाला तीनची ठळक टोकदार नक्षी उमटते. यावर साधी गोळी आहे, बहुतेक मुलांना गुण येतो. आणि हिला 'थीटा जास्त आहे' म्हणून चाळीस सत्रं दिली, तर? शाळेचं अर्धं वर्ष गेलं. त्यात ती रस्ता ओलांडताना किंवा विहिरीत पोहताना बंद पडली तर काय, हे बोलायलाही नको वाटतं.

दुसरा धोका चालू औषध बंद करण्याचा. "आता लहरी संतुलित झाल्या, गोळ्या सोडा" असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. फिटची गोळी अचानक सोडली तर न थांबणारी फिट येऊ शकते, आणि तिच्यात जीव जाऊ शकतो. नैराश्याच्या किंवा झोपेच्या गोळ्याही अशा एकदम सोडायच्या नसतात. गोळी ज्यांनी सुरू केली, कमीही त्यांनीच करायची.

तिसरा धोका वेळ आणि पैशांचा. एका सत्राची फी गुणिले चाळीस, अधिक येण्याजाण्याचा खर्च, अधिक बुडालेला रोज. हे कागदावर मांडून बघा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं 2019 च्या मार्गदर्शनात न्यूरोफीडबॅकला शिफारस करण्याजोगा पुरावा नसलेल्या उपचारांत ठेवलंय, तर पालकांचं प्रशिक्षण आणि वर्गातले बदल यांची शिफारस केली आहे. त्याच पैशांत काय काय होऊ शकतं, त्याचा विचार व्हावा.

मग करायचं काय?

संशोधन चालू राहावं असं आम्हाला वाटतं. बंगळुरूच्या निमहान्समध्ये डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवर न्यूरोफीडबॅकचे अभ्यास झालेले आहेत, आणि ते व्हायलाच हवेत. संशोधनात रुग्णाला काय माहीत नाही ते सांगून संमती घेतात. दुकानात मात्र माहीत असल्यासारखं विकतात.

तरीही करून बघायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी डॉक्टर : बालरोगतज्ज्ञ, गरज पडली तर मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ. डोळे आणि कान तपासा. झोप किती होते ते दोन आठवडे वहीत लिहा. रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉईड डॉक्टर सांगतील तसं बघा. मूल मधेच हरवत असेल तर मोबाईलवर त्याचं चित्रण करा आणि डॉक्टरांना दाखवा; शंभर शब्दांपेक्षा ते उपयोगी.

मग केंद्रात हे विचारा. तुमचं शिक्षण काय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? नोंदीतले पापण्यांचे आणि स्नायूंचे दोष कोण काढतं? किती सत्रांनंतर गुण नाही असं आपण मानायचं? सगळे पैसे आधी भरावे लागतात का? आणि आमच्या डॉक्टरांशी तुम्ही बोलाल का? उत्तरं सरळ मिळाली तर पुढे जा. उत्तराऐवजी आणखी एक रंगीत नकाशा समोर आला, तर चपला घाला.

लहरी हा मेंदूचा आवाज आहे. तो ऐकून आजार शोधता येतो, हे शंभर वर्षांत सिद्ध झालं. आवाजाला वळण लावून आजार बरा होतो का, हे अजून सिद्ध व्हायचंय. तोपर्यंत आपल्या मुलाला 'असंतुलित' हे विशेषण कुणालाही लावू देऊ नका. त्याला झोप हवी असेल, चष्मा हवा असेल, गोळी हवी असेल, किंवा नुसता थोडा वेळ हवा असेल. ते आधी शोधू.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर पाठवा, पुढच्या व्याख्यानाच्या सुरुवातीला घेऊ.